चाळीस रुपयांचे पाणी आणि नवा संसार

नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीसाठी मराठीत पाकपुस्तके लिहिण्याची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्याच्या सोप्या प्रमाणामुळे ती लग्नात आहेर म्हणून देण्याचे पुस्तक बनली. माहेरी पोळपाटाला हात न लावलेल्या अनेक मुलींचा संसार या पुस्तकाने मार्गी लावला, हे तिचे ऋण मान्यच करायला हवे. मात्र या साऱ्या पुस्तकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. स्वयंपाकाला लागणारे पाणी घरात आहे, हे सांगण्याची त्यांना गरज भासत नाही. काटकसरीचे धडे त्यानंतर सुरू होतात.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा विचार करताना हे गृहीतक मला सारखे अडवते. एका बाजूला सावित्री आणि गांधारी, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि पावसाळ्यात कोसळणारा अफाट पाऊस. सखल भागात भात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. साधा स्वयंपाक म्हणजे काय हे इथल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले, आगोटीला भरून ठेवलेली सुकट, आंबटासाठी आमसूल. पहिला पाऊस पडला की टाकळा, भारंगी, कुर्डू. तेलाचा थेंबही मोजून. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी, मातीची चूल, शेणाने सारवलेली जमीन, बांबूची सुपे आणि रोवळ्या. कमी खर्चात घर कसे मांडावे याचे पूर्ण शास्त्र या दऱ्याखोऱ्यांत नांदत होते.

या घरांतील पुरुष बहुधा मुंबईला. गिरणी, गोदी, पोलीस किंवा पलटण. नवे लग्न झालेली मुलगी सासूच्या हाताखाली गावी, आणि नवरा चाळीतल्या खोलीत चार-आठ गाववाल्यांबरोबर. मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तीत कुटुंबाचे मासिक उत्पन्न सरासरी बावन्न रुपयांच्या आसपास भरले. त्यातला निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होता. गावी येणारी मनिऑर्डर अशा तुटपुंज्या कमाईतून निघे. तेव्हा काटकसर ही सर्वच जातींच्या गरिबांची स्थिती होती, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण सारख्या दिसणाऱ्या दोन गोधड्यांमागची कथा सारखीच असते असे नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदोपत्री! प्रत्यक्षात त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, अस्पृश्य माणूस नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तळे शहराच्या मध्यभागी असताना परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले आणि त्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले, अशी नोंद डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात धनंजय कीर यांनी केली आहे. वर दिलेल्या पाहणीशी हा आकडा ताडून पाहावा. गिरणीतल्या एका कुटुंबाच्या महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा नुसत्या पाण्यात गेला. कोणत्याही पाकपुस्तकाच्या पहिल्या पानावर हा खर्च लिहिलेला नाही.

२० मार्चला परिषदेतील लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार आहेत. जमाव मंडपावर चालून गेला. त्या वेळी काही प्रतिनिधी जेवत होते. अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली, माणसांना मारले. इतिहासाच्या पुस्तकांत या दिवसाची नोंद पाण्याच्या हक्काचा दिवस म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. पण मातीत गेलेले ते अन्न कोणीतरी रांधले होते, विकत घेतलेल्या पाण्यावर. हल्ला पाण्याबरोबर अन्नावरही झाला होता.

डिसेंबरच्या परिषदेची तयारी याहून अवघड होती. तळ्याबाबत न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम झालेला होता. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. महाडच्या व्यापाऱ्यांकडून माल मिळण्याची आशा नव्हती, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वज्ञात आहे. त्या मानाने २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणाचा उल्लेख कमी होतो. प्रस्तुत लेखाचा विषय खरे तर तेच भाषण आहे.

त्या भाषणात घरसंसाराचीच चर्चा होती. लुगडे गुडघ्याच्या वर खोचून नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग, हातांतले कथलाचे दागिने ही सारी जातीची ओळख पटवणारी चिन्हे आहेत, ती टाका. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या. मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका. मुलींना शिकवा, असा त्याचा आशय. कीरांच्या चरित्रानुसार त्याच रात्री टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी जमलेल्या बायकांना नव्या पद्धतीने लुगडे नेसायला शिकवले. दुसऱ्या दिवशी त्या बायका तसे नेसून आल्या. या बदलाला एक पैसा लागला नाही. लुगडे तेच, फक्त नेसण वेगळी.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळू नये. मृत जनावराचे मांस हे फुकटचे अन्न होते. ज्या घरात सहा महिने भाताचे शीत दिसत नव्हते, त्या घरातील नव्या सुनेला ते सोडायला सांगणे म्हणजे तिच्या चुलीवरचा भार वाढवणेच नव्हे काय? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचताना हा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्यांनी मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यपरंपरेची पाककृतींसह नोंद केली आहे; जे अन्न आपल्याकडे केवळ लाजेचा विषय होते, त्यामागचे कसब आणि चव त्यांनी निःसंकोच मांडली. ते मांस सुकवून बेगमीला ठेवणे हीही एक गृहकलाच होती. मग ती टाकायला सांगणे बरोबर होते का?

माझ्या मते उत्तर त्या अन्नात शोधू नये, त्याच्या अटीत शोधावे. मेलेले ढोर ओढणे हे महार वतनाशी जोडलेले काम होते, मांस हा त्याचा मोबदला. ते मांस घेत राहणे म्हणजे ते काम आणि त्यामागची गुलामी मान्य करत राहणे. काटकसर ही निवड असते. निवडीची मुभा नसेल तर तिला काटकसर म्हणू नये, ती लाचारी असते. बाबासाहेबांनी बायकांपुढे हा फरक ठेवला होता. उपास घडला तरी चालेल, पण ताट आपण निवडलेले असावे. हा हिशेब चुलीपाशी बसलेल्या बाईनेच करायचा होता, म्हणून ते भाषण बायकांसमोर झाले.

हाताच्या कामाचेही तसेच आहे. ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे नाव 'आयदान' (२००३). त्यांची आई रत्नागिरी परिसरात बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवत असे. त्या वस्तूंना तिथे आयदान म्हणतात. दुकानात सजावटीसाठी मिळणारी टोपली आणि मुलांच्या शाळेसाठी विणलेली टोपली एकाच कसबाच्या असल्या तरी त्यांची किंमत एक नाही.

आणि नवी सून? बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सासरी पहाटेच्याही आधी उठवल्या जाणाऱ्या, भाकरी नीट थापता न येणाऱ्या कोवळ्या मुलींचे जे वर्णन आहे, ते वाचल्यावर 'नववधूसाठी सोपे पदार्थ' हे शब्द हलकेपणाने वापरता येत नाहीत. स्वतः बाबासाहेबांचे रमाबाईंशी लग्न भायखळ्याच्या मासळीबाजारात, बाजार उठल्यावर रात्री झाले. दगडी ओट्यांचाच बाकांसारखा उपयोग झाला. याहून कमी खर्चाचे लग्न ते काय असणार! पुढे नवरा परदेशी शिकत असताना रमाबाईंनी ज्या हलाखीत घर सांभाळले, ती सर्वांना ठाऊक आहे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या स्त्रीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नाही. हे सांगताना त्यांना १९३५ साली गेलेल्या रमाबाई आठवल्या असतील काय, हे सांगता येणार नाही.

चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने संपला. मार्च १९२७ नंतर बरोबर दहा वर्षांनी. या दहा वर्षांत महाडच्या वाड्या-वस्त्यांवर किती नव्या सुना आल्या, त्यांनी कोणत्या विहिरीवरून हंडा आणला, याची मोजदाद कुठेच नाही. नव्या संसाराला काय लागते याची यादी करताना तेल, तिखट, मीठ यांच्याआधी निदान हा एक शब्द लिहावा, एवढीच विनंती: पाणी.