एअरीचा डावा डोळा : दंडगोलाकार भिंगाच्या इतिहासातील एक प्रकरण

चष्म्याचा इतिहास तेराव्या शतकातील इटलीपासून आरंभावा आणि बहिर्गोल व अंतर्गोल भिंगांची हकीकत सांगून संपवावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु या दोहोंपैकी कोणत्याच भिंगाने ज्यास धड दिसत नाही, अशा मनुष्याची दखल त्या हकिकतीत घेतली जात नाही. अशा डोळ्यास बिंदू बिंदुरूपाने दिसत नाही, रेषेसारखा लांबट दिसतो. अक्षराचे उभे फराटे स्वच्छ दिसावेत तर आडवे पुसट होतात. या दोषास अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात.

त्याचे पहिले मोजमाप टॉमस यंग याने आपल्याच डोळ्यावर केले. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेला त्याचा निबंध 1801 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शिथिल डोळ्यात उभ्या दिशेने पसरणारे किरण दहा इंचांवरील वस्तूपासून, तर आडव्या दिशेने पसरणारे सात इंचांवरील वस्तूपासून दृष्टिपटलावर एकत्र येत. डोळा पाण्यात बुडवून त्याने बाह्य पटलाचे कार्य जवळजवळ नाहीसे केले; तरीही दोष उरला, तेव्हा तो आतील भिंगाचा असावा असे त्याने ठरविले. या अपूर्णतेचा आपणास कधी त्रास झाला नाही, असेही त्याने नमूद केले आहे. गंमत अशी की, ही गोष्ट त्याने केरी या चष्मेकारास सांगितली, तेव्हा ऱ्हस्वदृष्टीच्या काही गिऱ्हाइकांना भिंग तिरपे धरले असता अधिक स्पष्ट दिसते, हे त्यास आपल्या धंद्यातून आधीच ठाऊक होते. उपपत्ती विद्वानाजवळ होती आणि तोडगा दुकानदाराजवळ. दोहोंची गाठ पडूनही पुढे काही निष्पन्न झाले नाही.

जॉर्ज बिडेल एअरी याची गोष्ट निराळी. केंब्रिजमधील या तरुण गणितज्ञास वाचताना आपण डावा डोळा मुळीच वापरत नाही, असे आढळून आले. काळ्या केलेल्या कार्डास सुईच्या टोकाने बारीक छिद्र पाडून, त्यामागे प्रकाशित कागद ठेवून आणि कार्ड मोजपट्टीवर सरकवून त्याने त्या डोळ्याची परीक्षा केली. सहा इंचांवर बिंदूची एका दिशेची रेषा होई, साडेतीन इंचांवर तिला काटकोनात दुसरी. या दोन आकड्यांवरून त्याने एका बाजूस गोलाकार व दुसऱ्या बाजूस दंडगोलाकार पृष्ठभाग असलेले भिंग गणिताने ठरविले. तसे भिंग घासून देणारा कारागीर मात्र सहज मिळेना. काही ठिकाणचे प्रयत्न निष्फळ झाल्यानंतर इप्सविच येथील फुलर नावाच्या कारागिराने ते तयार केले, आणि डाव्या डोळ्याने बारीक अक्षर वाचता येऊ लागले. ही हकीकत 1825 मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे वाचली गेली. दोषाचे ग्रीक नाव पुढे विल्यम व्हेवेल याने सुचविले. एअरी 1835 मध्ये राज-ज्योतिषी झाला. परंतु या डोळ्याची पुनः पुनः मोजणी करून ती प्रसिद्ध करण्याचा क्रम त्याने उतारवयापर्यंत सोडला नाही.

मग हा उपाय दुकानापर्यंत पोहोचण्यास आणखी सुमारे चाळीस वर्षे का लागली? भिंग घासण्याची अडचण हे कारण पुरेसे नाही. ते फुलरने घासलेच होते. खरी अडचण विक्रीच्या रीतीत असावी. गिऱ्हाइकाने पेटीतील चष्मे एकेक लावून पाहावेत व बरा वाटेल तो घ्यावा, हीच पद्धत सर्वत्र रूढ होती. गोल भिंग डोळ्यापुढे कसेही फिरविले तरी चालते. दंडगोलाकार भिंगाचा अक्ष मात्र थोडा चुकला तरी लाभ उणावतो. म्हणजे प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे आले, आणि तशी तपासणी स्वतः करू शकणारा एअरी विरळा. स्टोक्स याने 1849 मध्ये फिरत्या दंडगोल भिंगांची जोडी सुचविली होती; परंतु उट्रेख्तच्या डोंडर्स याने 1862 व 1864 मधील ग्रंथांतून हा दोष किती सार्वत्रिक आहे व तो बहुधा बाह्य पटलाच्या वक्रतेतूनच उद्भवतो, हे दाखविले, तेव्हाच चष्म्याची परीक्षा हे वैद्याचे काम ठरले.

तथापि ज्या डोळ्याचे पटल शंकूसारखे पुढे येते, त्याचा दोष अनियमित असल्याने दंडगोलाकार भिंगही तेथे फारसे उपयोगी पडेना. 1888 मध्ये झुरिच येथील फिक याने काचेची पोकळ टोपी डोळ्यावरच बसविण्याचा प्रयोग प्रथम सशांवर व नंतर स्वतःवर केला. पॅरिसमध्ये काल्ट यानेही त्याच वर्षी शंकुपटलाच्या रोग्यांवर असे प्रयोग केले. तीव्र ऱ्हस्वदृष्टी असलेल्या आउगुस्ट म्यूलर याने 1889 मध्ये कील येथील आपल्या प्रबंधासाठी स्वतःच्याच डोळ्यांवर तशी भिंगे बसविली. ती अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यास सोसवेनात.