भीमाकाठचं फिरोजाबाद

भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, गाणगापूरला अमरजेला पोटात घेते आणि पुढे कलबुर्गीच्या दक्षिणेला, शहरापासून सुमारे 28 किलोमीटरवर, एका पडक्या दगडी तटाजवळून वाहते. हा तट फिरोजाबादचा. बहमनी सुलतान ताजुद्दीन फिरोजशहाने (कारकीर्द 1397 ते 1422) गुलबर्ग्याची (म्हणजे आजच्या कलबुर्गीची) राजधानी कायम ठेवून 1400च्या सुमारास नदीकाठी हे दुसरं ठाणं वसवलं.

त्याचं भरघोस वर्णन फेरिश्त्याच्या फारसी तवारिखेत आहे. सरळ, रुंद रस्ते. नदीलगत दगडी बालेकिल्ला. त्यात एकमेकांपासून सुटे चौक आणि भीमेतून काढलेल्या पाटाचं पाणी त्या चौकांत खेळवलेलं. एकेक चौक एकेका स्त्रीच्या ताब्यात. तिच्या तैनातीला तीनच दासी, त्याही तिच्याच मुलखातल्या, तिचीच भाषा बोलणाऱ्या. अरब, तुर्क, चिनी, राजपूत, बंगाली, गुजराती, तेलंगी अशी यादी तो देतो आणि त्या यादीत मराठी बायकाही आहेत. सुलतान म्हणे प्रत्येकीशी तिच्या भाषेत बोले. या मजकुरापाशी मी दर वेळी थांबतो. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा जेमतेम 110 वर्षं झाली होती. भीमेच्या काठी, पाटाच्या पाण्याजवळ चारजणी मराठीत बोलत बसल्या असतील, तर आपल्या भाषेच्या इतिहासात त्या चौकाची नोंद व्हायला हवी. तवारिखेने त्यांची नावं दिलेली नाहीत.

पण फेरिश्ता समकालीन नव्हे. तो विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने, घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहीत होता. सुलतानाच्या बहुभाषिकतेत दरबारी फुगवटा असणार, हे धरूनच चालावं. मग चौकांवर आणि पाटावर तरी विश्वास का ठेवायचा? तर जागेवरच्या दगडांमुळे. जॉर्ज मिशेल आणि रिचर्ड ईटन यांनी इथली पाहणी करून 1992 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तीन बाजूंना तट, पश्चिमेला नदी. आत प्रशस्त जामा मशीद आणि तिच्या पाठीमागे, नदीच्या अंगाला, भिंतींनी वेगवेगळी केलेली राजवाड्याची आवारं. सुटे चौक म्हणतात ते हेच. शिवाय हमामखाने आहेत, दख्खनमधल्या सर्वांत जुन्यांपैकी. घुमटाला पाडलेल्या भोकांतून आत उजेड उतरावा, अशी त्यांची बांधणी. एवढ्या हमामांना पाणी भरपूर लागणार, म्हणजे पाटाची हकिगतही पटते.

मात्र फिरोजाबादला नुसता विलासवाडा म्हणणं मला मान्य नाही. हे ठिकाण विजयनगरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे आणि त्याची मोठी दारं व मशीद फौजेला पुरतील अशी आहेत. फेरिश्त्याचा जनाना हा या शहराचा एक कोपरा.

1422 मध्ये भाऊ अहमदशहा गादीवर आला, फिरोजशहा त्याच साली वारला आणि पुढे राजधानीच बीदरला गेली. भीमाकाठच्या वाड्याला धनी उरला नाही. फिरोजशहाची कबर गुलबर्ग्याच्या हफ्त गुंबजमध्ये आहे.

गाणगापूरला जाणाऱ्यांनी एक दिवस जास्त काढून इथे यावं. फक्त पडक्या भिंतीचा एकही दगड जागचा हलवू नये. तवारिखेशी ताडून पाहायला तेवढेच दगड आपल्यापाशी आहेत.