माजून, कुर्स, लऊक : औषधांच्या रूपांचा इतिहास

'जुलाब' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण हा शब्द मुळात गुलाबाचा आहे. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरबीत 'ग' नाही, म्हणून त्याचा 'जुलाब' झाला आणि गुलाबपाण्यात साखर घालून केलेल्या पेयाला ते नाव पडले. हकीम लोक हे पेय औषध म्हणून देत. इंग्रजीत त्याचाच 'ज्यूलेप' झाला आणि पुढे तो पुदिना घातलेल्या दारूच्या पेल्यात जाऊन पोचला. आपल्याकडे तो कुठे पोचला ते आपण जाणतोच!

सरबत, मुरंबा, गुलकंद, अर्क, मलम, भांगेची माजूम हे सगळे शब्दही हकिमाच्या दुकानातून मराठीत आले. यांपैकी एकही नाव कुठल्या औषधाचे नाही. ही सगळी नावे औषधाच्या रूपाची आहेत. आज फार्मसीचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी औषधांची रूपे शिकतो. घन, द्रव, अर्धघन, वायू अशी एक विभागणी, आणि तोंडावाटे घ्यायचे, त्वचेवर लावायचे, डोळ्यांत घालायचे, टोचायचे अशी दुसरी. हा धडा आधुनिक कारखान्यांबरोबर आला, असा अनेकांचा समज असतो. पण औषधांचे रूपानुसार वर्ग पाडून ग्रंथ लिहिण्याची पद्धत नवव्या शतकात, अब्बासी खिलाफतीत चांगली रुळलेली होती. ती तिथे का रुळली, हा मला जास्त रंजक वाटणारा प्रश्न आहे.

दमास्कसच्या इब्न अबी उसैबिया याने तेराव्या शतकात वैद्यांची चरित्रे लिहिली. त्यात एक किस्सा आहे. खलिफा मुअतसिमचा सेनापती अफशीन बाबकच्या बंडाविरुद्ध मोहिमेवर होता. म्हणजे हा काळ 837 च्या आसपासचा. छावणीत औषधविक्यांची दुकानेही होती. झकरिया तैफूरी नावाच्या वैद्याने अफशीनला सांगितले की हे लोक मागाल ते औषध 'आहे' म्हणतात आणि हाताला येईल ते देतात. अफशीन मूळचा मध्य आशियातल्या उश्रूसनाचा. त्याने तिकडच्या एका दप्तरातून विसेक नावे काढली. त्यांचा औषधांशी काहीही संबंध नव्हता. ती यादी देऊन माणसे दुकानांत धाडली. काहींनी सांगितले, असले काही आम्हाला ठाऊक नाही. काहींनी पैसे घेतले आणि पुड्या बांधून दिल्या. 'नाही' म्हणणाऱ्यांना छावणीत राहण्याचा परवाना मिळाला, बाकीच्यांना हाकलून दिले.

किस्सा तिखटमीठ लावलेला असू शकेल. पण त्यातली भीती खरी आहे. हिरडा हिरड्यासारखा दिसतो, सुंठ सुंठीसारखी. नुसती वनस्पती गिऱ्हाइकाला निदान पाहता येते, हुंगता येते. तीच कुटून, मधात कालवून तिचे माजून केले की बरणीत काय आहे हे फक्त करणाऱ्याला ठाऊक. रूप बदलले की औषध डोळ्यांआड होते. मग विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर?

याचे एक उत्तर म्हणजे 'अकराबाझीन', आपल्याकडच्या उच्चारात करबादीन. तयार औषधांच्या कृतींचे पुस्तक. हा शब्द ग्रीकमधून सिरियाकमार्गे अरबीत आला. या प्रकारातला गाजलेला ग्रंथ साबूर इब्न सहल याचा. तो 869 मध्ये वारला. धर्माने नेस्टोरियन ख्रिस्ती, इराणातल्या जुंदीशापूरच्या इस्पितळात काम केलेला. त्याचे पुस्तक इस्पितळांत आणि औषधांच्या दुकानांत वापरले जाई. त्याची मांडणी रोगांनुसार नाही, रूपांनुसार आहे : वड्या एका प्रकरणात, चाटणे दुसऱ्यात, सरबते तिसऱ्यात, तेले आणखी कुठे. मला यात दुकानाचे फळकूट दिसते. दुकानदार बरण्या अशाच लावतो.

ही रूपे जरा जवळून पाहण्यासारखी आहेत. 'हब' म्हणजे दाणा, म्हणून गोळी. 'कुर्स' म्हणजे चकती, म्हणून चपटी वडी. 'सफूफ' कोरडी फक्की मारायची, आपले चूर्ण. 'लऊक' हे 'चाटणे' या क्रियापदावरून आले आणि ते मुख्यतः छातीच्या आणि घशाच्या विकारांवर असे. घशातून हळूहळू उतरावे म्हणून घट्ट ठेवायचे. आयुर्वेदातला 'अवलेह' हाही 'लिह्' म्हणजे चाटणे या धातूवरूनच आला आहे. मराठीत तर आपण सरळ चाटणच म्हणतो. 'रुब्ब' म्हणजे फळाचा रस आटवून घट्ट केलेला, तर 'शराब' किंवा 'शरबत' साखरेच्या पाकातले. (इंग्रजी 'सिरप' या 'शराब'मधूनच निघाला. दारूचा अर्थ त्याला नंतर चिकटला. अरबीत शराब म्हणजे नुसते पेय.) 'जवारिश' पचनासाठी, मूळ फारसी 'गुवारिश'. डोळ्यांत घालायच्या औषधाची कांडी ती 'शियाफ'. जखमेवरचे 'मरहम', त्याचे आपण मलम केले.

या सगळ्यामागे साखर आहे. मधाला स्वतःची चव असते, वास असतो. साखरेच्या पाकात औषध टिकते आणि कडूपणाही झाकला जातो. ती साखर हिंदुस्तानातून पश्चिमेला गेली. अरबी 'सुक्कर'च्या मागे 'शर्करा' आहे आणि 'कंद'च्या मागे 'खंड'. गुलकंद खाताना आपण अर्धा फारसी आणि अर्धा संस्कृत शब्द खात असतो.

'इत्रीफल' नावाचा तर एक संपूर्ण वर्गच आहे. हिरडा, बेहडा, आवळा यांवर आधारलेली माजुने. नाव उघडच 'त्रिफळा'. या तिन्ही फळांची अरबी नावेही, हलीलज, बलीलज आणि अमलज, इकडूनच गेलेली.

माझा सर्वांत आवडता शब्द 'अंबिजात'. पाकात मुरवलेल्या फळांच्या वर्गाला अरबी वैद्यक हे नाव देते. अरबी कोशकार त्याची उकल देतात : 'अंबज' हे हिंदुस्तानातले फळ, ते मधात घालून इराककडे येई, म्हणून पुढे तसे मुरवलेले कोणतेही फळ, हिरडा असो की महाळुंग, 'अंबिजात' ठरले. अंबज म्हणजे आपला आंबा. आता गंमत पाहा. 'मुरंबा' हा शब्द अरबी 'मुरब्बा'वरून आला, पण मराठी माणूस त्यात 'मुरलेला आंबा' ऐकतो. व्युत्पत्ती म्हणून ते चूक आहे. पण तिकडे बगदादेत हकीमही एका आंब्यावरूनच सगळ्या मुरंब्यांना नाव देत होते!

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश फिरतात. एक म्हणतो, औषधशास्त्र जगाला मुसलमानांनी दिले. दुसरा म्हणतो, युनानी परकी आहे, तिचा या मातीशी काय संबंध. पहिल्याने साबूरचा धर्म विचारावा. कैरोत 1260 च्या सुमारास औषधविक्यांसाठी 'मिन्हाजुद्दुक्कान' लिहिणारा कोहीन अल-अत्तार ज्यू होता, हेही त्याने पाहावे. त्याने ते आपल्या मुलासाठी लिहिले : दुकान कसे चालवावे, सरबते कशी, माजुने कशी. (अत्तार म्हणजे सुगंध आणि औषधी द्रव्ये विकणारा. आपल्याकडे हे आडनाव गावोगावी आहे.) दुसऱ्याने इत्रीफलाची बरणी उघडून पाहावी. आणि ज्याला या मातीचाच पुरावा हवा, त्याने फरिश्ता आठवावा. अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेला, पुढे विजापुरी गेलेला हा इतिहासकार. त्याने फारसीत हिंदी वैद्यकावर 'दस्तूरुल अतिब्बा' लिहिला.

इब्न सीनाकडे वळतो. त्याच्या 'अल-कानून'चे पाच खंड. दुसऱ्यात एकेरी औषधे, पाचव्यात मिश्र औषधे. पाचव्या खंडाचा पहिला भाग रूपांनुसार आहे आणि दुसरा विकारांनुसार. म्हणजे दुकानदाराची सोय एका भागात आणि वैद्याची दुसऱ्यात. औषधे एकत्र का करायची याची कारणेही तो देतो. चव सुसह्य करणे हे एक. औषध शरीरात लांबच्या अवयवापर्यंत पोचवणे हे दुसरे. कापूर हृदयापर्यंत न्यायला केशर घालावे, असे तो सांगतो. केशर खरोखर तसे करते असे आज कुणी म्हणणार नाही. पण औषध निवडणे आणि ते पोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने नेमके पकडले होते.

स्पेनमध्ये, कुर्तुब्याजवळ, अल-झहरावी त्याच सुमारास 'अत-तस्रीफ' लिहीत होता. तो शल्यविद्येसाठी प्रसिद्ध आहे, पण तीस भागांच्या त्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा भाग औषधे तयार करण्यावर आहे. त्यात कुर्स पाडायच्या साच्याचे वर्णन येते. आबनूस किंवा हस्तिदंताची फळी, तिचे दोन उभे भाग, प्रत्येकात अर्ध्या जाडीची गोल खाच, आणि तळाशी औषधाचे नाव उलटे कोरलेले. वडी बाहेर पडते ती नाव अंगावर घेऊन. डोळ्यांआड झालेले औषध पुन्हा ओळखू यावे, यासाठीची ही युक्ती. लॅटिनमध्ये हा भाग 1471 मध्ये व्हेनिसला छापला गेला. यंत्रात पूड दाबून गोळी करण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकेडनने घेतले ते 1843 मध्ये.

पुस्तक झाले, साचा झाला, तिसरा उपाय म्हणजे मुहतसिब, बाजाराचा निरीक्षक. बाराव्या शतकातल्या शैझरीच्या नियमपुस्तकात सरबतवाल्यांवर आणि औषधविक्यांवर वेगळी प्रकरणे आहेत. अफूत रानटी सॅलडपानाचा रस आणि डिंक मिसळतात, ते कसे पकडावे, असले तपशील त्यात आहेत.

भारताच्या 1940 च्या औषध कायद्याला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात युनानीचे अधिकृत ग्रंथ दिले आहेत. त्यांत 'करबादीन आझम', 'करबादीन कादरी' ही नावे आहेत. साबूरच्या पुस्तकाचा तो शब्द आपल्या कायद्यात जिवंत आहे. सरकारी युनानी फॉर्म्युलरीची मांडणीही रूपांनुसारच आहे.

आणि तरी बरणीतला जुना प्रश्न संपलेला नाही. जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट पॅरिसमध्ये 1834 मध्ये मोथ आणि द्युब्लां यांनी घेतले. हेतू साबूरच्या काळातलाच, कडू चव झाकणे. जिलेटिन गायीबैलांच्या किंवा डुकरांच्या कातडी-हाडांपासून होते. उलेमांची यावर दोन मते आहेत. काही म्हणतात, पदार्थाचे स्वरूप पूर्ण पालटले की हुकूमही पालटतो, याला 'इस्तिहाला' म्हणतात. काहींना जिलेटिनमध्ये तसा पूर्ण पालट झाला हे मान्य नाही. इलाजाची निकड असेल तर सवलत मिळते, याबद्दल फारसा वाद नाही. मी या वादात निवाडा देणारा कोण? माझी तक्रार त्याच्या आधीची आहे. हलाल-हराम ठरवायला आधी आत काय आहे ते कळायला हवे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो, कॅप्सूलच्या पट्टीवर तसली खूण नसते. हा प्रश्न केवळ आपलाही नाही. माझ्याइतकाच तो जैन शेजाऱ्याचा आहे, माळकऱ्याचा आहे. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेल्या कॅप्सूलही बाजारात मिळतात. पण तुमच्या हातातली कॅप्सूल त्यांपैकी आहे का, हे केमिस्टला विचारून पाहा. बहुधा तोही पट्टी उलटसुलट करून पाहील आणि परत तुमच्या हातात देईल.