नाण्यांवरची फुले

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागातील जुन्या घरांत देवघरातली डबी उघडली, की कधी निजामाच्या काळातले चारमिनारचे नाणे निघते आणि त्याच्या शेजारी उमललेल्या कमळाचे पिवळे वीस पैसे. हे वीस पैसे १९६८ ते १९७१ या काळात पाडले गेले. ते व्यवहारात फारसे रुळले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या ताटात मात्र जाऊन बसले. पिवळा रंग आणि वर कमळ! त्यात सोने आहे, अशी समजूत आम्ही अनेकांकडून ऐकली आहे.

ही समजूत वर्गातच तपासता येते. नाणे निकेल-पितळेचे, म्हणजे तांबे, जस्त आणि थोडेसे निकेल यांचे आहे. व्यास २२ मिलिमीटर, वजन सुमारे ४.६ ग्रॅम. एका नाण्याचे आकारमान मोजणे अवघड जाते, म्हणून गावातून वीस नाणी गोळा करावीत. ती मोजपात्रातील पाण्यात सोडली तर पातळी सुमारे ११ घन सेंटिमीटरने वाढते. त्यांचे वजन ९२ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे घनता साधारण साडेआठ. सोन्याची घनता १९.३ आहे. तेवढ्याच आकारमानाच्या सोन्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या वर गेले असते. हा प्रयोग आज अधिकच करण्याजोगा आहे, कारण जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो असे सांगून आधी 'शुल्क' उकळणारे लोक आहेत. अशा व्यवहारांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिला होता. पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली आहेत.

खऱ्या सोन्यावरचे कमळही याच मुलखाने पाहिलेले आहे. औंढा नागनाथचे मंदिर ज्या यादवांच्या काळाशी जोडले जाते, त्या देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या नाण्याला 'पद्मटंक' म्हणतात. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम. हे नाणे दोन साच्यांमध्ये दाबून केलेले नाही. सोन्याच्या पातळ चकतीवर एकेक ठसा वेगवेगळा ठोकलेला असतो. मधोमध अष्टदल कमळ, भोवती 'श्री', शंख आणि नागरी लिपीत राजाचे नाव. या ठोकण्यामुळे चकती वाटीसारखी खोलगट होते आणि मागची बाजू कोरी राहते. सिंघण, कृष्ण (कान्हर), महादेव, रामचंद्र अशा राजांची नावे या नाण्यांवर वाचता येतात. ठसे एकमेकांवर चढलेले, कधी कडेला अर्धे तुटलेले असतात. आम्हाला तर या वेंधळ्या ठशांतच जास्त रस वाटतो, कारण कोणता ठसा आधी बसला आणि कोणता नंतर, हे तिथेच कळते.

अशी नाणी नांगरताना किंवा पाया खणताना निघतात आणि पुष्कळदा सोनाराच्या मुशीत जातात. सोने उरते, राजाचे नाव जाते. नाणी कोणत्या भांड्यात, किती खोलवर, कशाबरोबर होती, हेही जाते. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. मुलांना हे शाळेत सांगितले, तर ते घरी पोचते. नाणे चिंच लावून घासू नये, हेही सोबत सांगावे.

पद्मटंक काही शाळेला जमवता येणार नाही. परदेशातील साधी चलनी नाणी मात्र थोड्या पैशांत मिळतात आणि त्यांवर आपल्याच अंगणातली फुले भेटतात. सिंगापूरने १९८७ मध्ये काढलेल्या एक डॉलरच्या नाण्यावर सदाफुली आहे. मलेशियाच्या १९८९ पासूनच्या नाण्यांवर जास्वंद आहे. हाँगकाँगने १९९३ पासून इंग्लंडच्या राणीचा मुखवटा काढून त्या जागी कांचनाचे फूल आणले. १९९७ मध्ये ते शहर चीनकडे जाणार होते, त्याची ही तयारी होती. हा कांचन दोन जातींचा संकर असून त्याला बी धरत नाही. झाडे कलमाने वाढवावी लागतात. आणि दसऱ्याला आपण ज्याची पाने सोने म्हणून वाटतो, तो आपटा याच बाउहिनिया प्रजातीतला. दोन्हींची दुभंगलेली पाने शेजारी ठेवली, की मुलांना नाते सांगावे लागत नाही.

फूल ओळखण्याचा हा खेळ संशोधकांनाही सुटलेला नाही. आजच्या लिबियातील सायरीन या प्राचीन ग्रीक नगरीने आपल्या नाण्यांवर सिल्फियम ही वनस्पती कोरली होती. औषध आणि मसाला म्हणून तिचा चीक दूरवर विकला जाई. प्लिनीच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ती जवळजवळ नाहीशी झाली होती. आज तिच्या रूपाचा मुख्य पुरावा म्हणजे ही नाणी. जाड खोड, खोडाला वेढणारे पानांचे देठ, आणि बडीशेप किंवा कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारखी छत्री. यावरून ती आपल्या हिंगाची नातलग असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. २०२१ मध्ये महमूत मिस्की या तुर्की संशोधकाने, अनातोलियात मोजक्या ठिकाणी उरलेली फेरुला द्रूदियाना ही हिंगाच्याच प्रजातीतली वनस्पती म्हणजे सिल्फियम असू शकेल, असे मांडले. त्यांच्या पुराव्यांपैकी एक म्हणजे पानांची समोरासमोर मांडणी. नाण्यांवरही ती तशीच आहे. सर्वांना हे पटलेले नाही.