सूक्ष्मजंतुभक्षक : मृदेतील शोध व विद्यार्थ्यांचा सहभाग

सूक्ष्मजंतूंच्या कोशिकेत शिरून तेथेच वृद्धी पावणाऱ्या व बहुधा त्या कोशिकेचा नाश करणाऱ्या व्हायरसांना सूक्ष्मजंतुभक्षक किंवा बॅक्टेरियोफाज म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) व फेलिक्स देरेल (१९१७) यांनी त्यांचा शोध स्वतंत्रपणे लावला. प्रतिजैव औषधांचा प्रसार झाल्यावर पश्चिमी देशांत त्यांचा उपचारातील वापर मागे पडला. तथापि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

मृदेत हे व्हायरस विपुल असतात. त्यांच्या शोधात पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहॅम हॅटफुल यांनी विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतले. २००८ मध्ये हॉवर्ड ह्यूझ वैद्यकीय संस्थेच्या साहाय्याने हा उपक्रम अमेरिकेतील इतर महाविद्यालयांतील प्रथम वर्षाच्या वर्गांपर्यंत नेण्यात आला. आश्रयी जंतू म्हणून क्षयाच्या जंतूचा सामान्यतः निरुपद्रवी आप्त मायकोबॅक्टिरियम स्मेग्मॅटिस प्रथमपासून वापरला गेला.

विद्यार्थी मृदेचा नमुना द्रवात कालवून अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. जंतू मागे राहतात व व्हायरस पार होतात. हा द्रव जंतूंसह आगरावर पसरला असता व्हायरस असल्यास जंतूंच्या गढूळ थरात पारदर्शक ठिपके उमटतात. एकाच ठिपक्यातील व्हायरस पुनःपुन्हा वाढवून शुद्ध करतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे रूप पाहतात, तसेच डीएनएचा अनुक्रम ठरवून त्यातील जनुके ओळखतात. व्हायरसाला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. अशा प्रयत्नांतून मायकोबॅक्टिरियमांच्या दोन हजारांहून अधिक व्हायरसांचे अनुक्रम उपलब्ध झाले असून त्यांतील विलक्षण विविधता उघड झाली आहे.

नवशिक्यांचे हे काम केवळ प्रशिक्षणापुरते आहे काय, या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये मिळाले. फुप्फुसांचे रोपण झालेल्या एका तरुण रुग्णाला मायकोबॅक्टिरियम ॲब्सेससचा संसर्ग झाला होता व औषधे निष्प्रभ ठरली होती. २०१८ मध्ये तिला तीन व्हायरसांचे मिश्रण देण्यात आले. त्यांपैकी ‘मडी’ हा दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २०१० मध्ये एका विद्यार्थिनीस कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. उरलेले दोन जंतूंचा हमखास नाश करीत नसत. म्हणून त्यांतील दमनकारी जनुक काढून टाकावे लागले. रुग्णाची प्रकृती लक्षणीय सुधारली व हा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका रुग्णाच्या अनुभवावरून उपचाराची सिद्धता ठरत नाही. शिवाय एका जंतुवाणावर प्रभावी असलेला व्हायरस दुसऱ्यावर निरुपयोगी ठरू शकतो. म्हणूनच अशा व्हायरसांचा मोठा संग्रह हाती असणे महत्त्वाचे ठरते.