तीच जागा, तोच कोन

रविवारी सकाळी एमआयडीसीतले भोंगे गप्प असतात, तेव्हा अंबडचं आकाश जरा स्वच्छ दिसतं. अशाच एका रविवारी ओळखीतला एक मुलगा ड्रोन घेऊन आला. इथल्याच एका वर्कशॉपमध्ये सीएनसी चालवतो. डिजिटल स्कायचा नकाशा पाहून, परवानगीचं सगळं आधी उरकून आला होता. मला वाटलं, आता रिमोट हातात घेऊन चार गिरक्या मारेल. पण पठ्ठ्यानं मोबाईलवर एक बटण दाबलं आणि हात मागं बांधून उभा राहिला.

ड्रोन साठ मीटरवर गेला आणि थांबला. एक फोटो, दुसरा, तिसरा. मग थोडा वळला, परत तीन. म्हटलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "काका, जॉबचा प्रोग्राम असतो ना, तसाच. इथं टूलच्या जागी कॅमेरा."

हिशोब सोपा आहे. दर 45 अंशांवर एक, अशा आठ दिशा. प्रत्येक दिशेला कॅमेऱ्याचे तीन कल: क्षितिजाकडे, थोडा खाली, आणखी खाली. झाले 24. शेवटी एक सरळ पायाखाली, म्हणजे 25. प्रत्येक जागी तीन फोटो: एक अंधारा, एक मध्यम, एक उजळ. एकूण 75. शेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग सारखा येतो, त्यावरून कॉम्प्युटर ते एकमेकांना शिवतो आणि चौफेर चित्र तयार होतं. दोन-तीन मिनिटांचं काम.

एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो घेण्याला ब्रॅकेटिंग म्हणतात. त्याची गरज अंबडकरांना वेगळी सांगायला नको. दुपारी शेडचे पत्रे असे तळपतात की डोळे दिपतात, आणि त्याच वेळी शेडमागचा नाला पूर्ण सावलीत असतो. एकच फोटो काढला तर पत्रे नीट येतात आणि नाला काळाठिक्कर, नाहीतर नाला दिसतो आणि पत्र्यांचा पांढरा डाग होतो. तिन्ही एकत्र केले की दोन्ही दिसतं. आणि गावाच्या बाबतीत पाहण्यासारखं जे असतं, ते बहुतेक वेळा सावलीतच असतं.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. 1850 च्या दशकातल्या काचेच्या प्लेटवर समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं पडायचं. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं दोन निगेटिव्ह घेतल्या, एक आकाशाची, एक पाण्याची, आणि एकाच कागदावर छापल्या. पुढं 1997 मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी अशा अनेक फोटोंमधून उजेडाचा खरा हिशोब काढायची गणिती रीत मांडली. यातले मलिक मथुरेत जन्मलेले, आयआयटी कानपूरला शिकलेले.

चौफेर चित्र त्याहून जुनं. रॉबर्ट बार्करनं 1787 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर या चित्रकारानं त्या लढाईचा भलामोठा पॅनोरमा लंडनमध्ये लोकांना दाखवला. लढाई आपल्या मुलखातली, चित्र तिकडे बसून काढलेलं. 1858 मध्ये नादार पॅरिसजवळ बलूनमधून कॅमेरा घेऊन वर गेला आणि वरून फोटो काढणं सुरू झालं.

आपल्याकडे मात्र वरून पाहणं हे कायम सरकारचंच काम राहिलं. हवाई छायाचित्रं, बारकाईचे नकाशे, सगळं परवानग्यांच्या कुलपात. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी ड्रोन उडवण्यावर बंदी आली. डिसेंबर 2018 पासून नियमांखाली थोडी मोकळीक मिळाली. फेब्रुवारी 2021 मध्ये नकाशांचं धोरण सैल झालं आणि 25 ऑगस्ट 2021 ला नवे ड्रोन नियम आले. म्हणजे सामान्य माणसाला आपलं गाव वरून कायदेशीरपणे टिपता येऊ लागलं, त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. आणि आपण त्याचं काय केलं? लग्नाचे व्हिडिओ, प्लॉटच्या जाहिराती आणि नेत्यांच्या मिरवणुका!

आता अंबडचं बघा. 1982 मध्ये नाशिक महापालिका झाली. गाव शहरात आलं, शेतं एमआयडीसीत गेली, शेजारी सिडकोच्या योजना उभ्या राहिल्या. खेड्यापाड्यांतल्या गावठाणांची ड्रोनमोजणी 2020 पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत सुरू झाली, पण ती ग्रामीण भागासाठी आहे. शहरानं गिळलेल्या गावठाणाचा त्यात नंबर लागत नाही.

लिंक रोडचा भंगार बाजार 2017 च्या जानेवारीत महापालिकेनं हटवला. तो पुन्हा वाढला, पुन्हा हटवला. 2010 मध्ये तो नेमका कुठपर्यंत होता, असं उद्या कुणी विचारलं तर आपण काय दाखवणार? उपग्रहाची जुनी चित्रं मिळतात, पण ती डोक्यावरून घेतलेली. त्यात छप्पर दिसतं. भिंत किती उंच होती, नाल्याचा काठ कुठं भरला, ते कळत नाही. नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी, याच पट्ट्यातून गोदावरीकडे जाते. तिचं पात्र दहा वर्षांत किती आक्रसलं, यावर आपण नुसती तोंडानं भांडतो.

आणि गंमत अशी की नोंद कशी ठेवावी याचा धडा आपल्या उशालाच आहे. पांडवलेण्याच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या राज्यवर्षाचा लेख आहे. कखडी गावातलं दोनशे निवर्तनं शेत भिक्षूंना दिल्याची ती नोंद. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा लेख कोरला गेला. त्यात लिहिलंय की ते शेत कसलं जात नाही, गाव वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरची राजाच्या मालकीची शंभर निवर्तनं जमीन द्यावी. हा दुसरा लेख कोरला कुठं? पहिल्याच्या खाली, त्याच भिंतीवर. पहिला खोडला नाही. काय ठरलं होतं आणि काय झालं, दोन्ही एकाच जागी उभं राहून वाचता येतं. जवळपास एकोणीसशे वर्षांनंतरसुद्धा.

म्हणून त्या मुलाच्या ड्रोनपेक्षा त्याचा प्रोग्राम मला मोलाचा वाटला. हातानं काढलेला फोटो पुन्हा तसाच येत नाही. प्रोग्राममध्ये जागा, उंची, दिशा, कल सगळं आकड्यांत असतं. जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे करेल, पण पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी, दुसरा कुणीही तेच चित्र काढू शकतो. एक फोटो म्हणजे आठवण. त्याच जागेवरून दहा वर्षं काढलेले दहा फोटो म्हणजे पुरावा.

पथ्यं मात्र पाळावी लागतील. शिवलेल्या चित्राबरोबर मूळ 75 फोटोही जपायचे, कारण जोडताना चालती गाडी अर्धी होते, माणूस गायब होतो. उद्या कुणी म्हणालं की चित्रात फेरफार केलाय, तर मूळ फाईल समोर ठेवता आली पाहिजे. कुणाच्या गच्चीत, अंगणात डोकावायचं नाही. आणि देवळाली, गांधीनगर, नोटप्रेस यांच्या आसपास तर ड्रोन काढायचाच नाही.

ठरलंय असं: वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, चार ठरलेल्या जागा. पहिले 75 फोटो माझ्याकडे आहेत. कुणालाही बघायला खुले.

आता तुमचं काम. घरातल्या ट्रंका उघडा. बारशाचा, लग्नाचा, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेचा फोटो असेल. माणसांच्या मागं काय दिसतंय ते बघा. शेत, विहीर, बांध, नाला, काहीही. जागा ओळखता आली तर सांगा. आपण त्याच ठिकाणी उभं राहून पुन्हा फोटो काढू. पहिला न खोडता, त्याच्याच खाली दुसरा.