मोठेपणीचा रोल दुसरीलाच

आजच्या एपिसोडमध्ये गाणाऱ्या मुली भरपूर आहेत. मी मात्र काही गाऊन दाखवणार नाहीये, घाबरू नका.

सुरुवात आपल्या डोंबिवलीपासून करू. दिग्दर्शक रवी जाधव आपल्याच गावचे. २०१४ च्या जानेवारीत त्यांचा ‘टाइमपास’ आला आणि दगडू-प्राजक्ताने मराठी सिनेमाच्या कमाईचे तोवरचे आकडे मागे टाकले. प्राजक्ता लेले झाली होती केतकी माटेगावकर. तेव्हा तिचं वय एकोणीस. आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रेमगीत स्वप्नील बांदोडकरबरोबर तिनेच गायलंय. म्हणजे पडद्यावर ओठ तिचे आणि आवाजही तिचाच. पुढच्या वर्षी ‘टाइमपास २’ आला. त्यात दोघं मोठे झाले होते. मोठी प्राजक्ता कोण? प्रिया बापट.

आता जरा मागे जाऊ. २०१२, महेश मांजरेकरांचा ‘काकस्पर्श’. छोटी उमा केतकी, मोठी उमा प्रिया बापट. सेम जोडी!

आता पुढे या. जानेवारी २०१७, सतीश राजवाडेंचा ‘ती सध्या काय करते’. कॉलेजमधली तन्वी आर्या आंबेकर, मोठी तन्वी तेजश्री प्रधान. तेजश्री पण डोंबिवलीचीच, हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

दोन गायिका, तीन गोष्टी, आणि तिन्ही वेळा मोठं होण्याचा भाग दुसऱ्या अभिनेत्रीकडे. तुम्ही म्हणाल, अरे, मुलांचंही तेच झालं की. दगडू प्रथमेश परबचा प्रियदर्शन जाधव झाला, अभिनय बेर्डेचा अंकुश चौधरी झाला. बरोबर आहे. पण २०२२ च्या ‘टाइमपास ३’ मध्ये दगडू म्हणून प्रथमेश परत आला. हिरोईन मात्र नवी होती, हृता दुर्गुळे.

हे असं का झालं असेल? माझं उत्तर सिनेमात नाही, टीव्हीवर आहे.

२००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ चालू होतं. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा खूप लहान असाल, म्हणून सांगतो. जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायची आणि घरातले मोबाइल एसएमएस पाठवण्यात गुंतलेले असायचे. कार्तिकी गायकवाड जिंकली. तिच्यासोबत आर्या, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत. या पाच जणांना लोक ‘पंचरत्न’ म्हणायला लागले. केतकीसुद्धा लिटिल चॅम्प्समुळेच लोकांना माहीत झाली. केतकीची आई सुवर्णा माटेगावकर आणि आर्याची आई श्रुती आंबेकर, दोघी गायिका. म्हणजे तालीम घरातच होती. टीव्हीने दिली ती ओळख.

पण ती ओळख कसली, ते बघा. लोकांनी या मुलांना पैसे खर्च करून मतं दिली होती. ती ‘आपली’ झाली होती, भाचीपुतणीसारखी. पाच-सहा वर्षांनी मराठी सिनेमाला पहिल्या प्रेमासाठी असा चेहरा हवा होता, जो बघून कॉलेजची पोरंही खूश होतील आणि शेजारी बसलेली आईही अवघडणार नाही. तो चेहरा आयता तयार होता. याच ओळखीने दार उघडलं, आणि मला वाटतं, त्याच दारावर वयाची पाटीही लागली.

म्हणून या मुलींचं काम सोपं होतं असं मात्र समजू नका. केतकीचा ‘शाळा’ बघाच. मिलिंद बोकीलांची कादंबरी, सुजय डहाकेचं दिग्दर्शन, आणीबाणीचा काळ. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. गाण्याच्या स्पर्धेत कॅमेऱ्याकडे बघायचं असतं, परीक्षकांना जिंकायचं असतं. शिरोडकरचं बरोब्बर उलटं. ती आपल्याला दिसते ती मुकुंद जोशीच्या नजरेतून, बहुतेक वेळा लांबून. संवाद मोजके. म्हणजे जिची ओळखच आवाज, तिला गप्प राहून उभं राहायचं होतं. आणि ती उभी राहिली. समेवर येण्याआधी थांबायचं कसं हे गाणाऱ्याला कळतं, त्याचा इथे उपयोग झाला असावा, असा माझा आपला अंदाज.

आता हे सगळं रिअॅलिटी शोनंच सुरू केलं असं वाटत असेल, तर १९४१ मध्ये चला. ‘खजांची’ नावाचा सिनेमा आला होता, संगीत गुलाम हैदर यांचं. त्याच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली होती. ती जिंकली जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीने. नाव लता मंगेशकर. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये वडील, मास्टर दीनानाथ, गेले. पाच भावंडांत ही थोरली. मग मास्टर विनायकांच्या आधाराने सिनेमात कामं सुरू झाली. ‘पहिली मंगळागौर’, ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’. स्पर्धेतून थेट पडद्यावर! फक्त तिला ते अजिबात आवडायचं नाही. तोंडाला रंग लावायचा आणि कुणी सांगेल तेव्हा हसायचं-रडायचं, हे तिने घरासाठी केलं. विनायकराव १९४७ मध्ये गेले आणि तिचा अभिनयही थांबला. १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये तिला मोठं गाणं दिलं ते त्याच गुलाम हैदर यांनी.

थोडं आधी जन्मली असती, तर तिला ही सुटका मिळाली नसती. पार्श्वगायन रुळण्याआधी जिला गाता येतं तीच नायिका व्हायची. ‘कुंकू’मधल्या शांता आपटे आठवा. १९३५ नंतर आवाज आणि चेहरा वेगळे करता यायला लागले. लताबाईंनी त्यातला आवाज घेतला. केतकी आणि आर्याने दोन्ही पुन्हा एकत्र आणले, निदान त्या विशीपर्यंतच्या रोलपुरते.

त्यानंतर? २०२१ मध्ये लिटिल चॅम्प्स परत आलं, तेव्हा पंचरत्न परीक्षकांच्या खुर्चीत होते. बारा वर्षांत टेबलाच्या पलीकडे! आणि २०२२ मध्ये ‘चंद्रमुखी’ आला, संगीत अजय-अतुलचं. त्यातलं ‘बाई गं’ लावा. दुखावलेल्या, पूर्ण वाढलेल्या बाईचं गाणं आहे ते, आणि गायलंय आर्याने. कॉलेजच्या तन्वीचा मागमूसही नाही त्या आवाजात. पडद्यावर आहे अमृता खानविलकर.